संपादकाचं नाव

सोलापूर,
डिसेंबर १९३१

तीर्थरूप बाबांस,
प्रभूच्या नावानं सलाम.

मिरजेच्या दवाखान्यात जाताना तुम्ही म्हणालात, "ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचं आपलं त्रैमासिक माझ्या नावानं तूच चालव. बाईच्या हाती ते कमिटी देणार नाही." वर्षभर मी ते चालवलं. अक्कलकोटाकडच्या वस्तीवर जाऊन धुळाप्पा मेंढपाळाच्या लेकीला, बाळाबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "पाद्रीसाब लई मागनं आले की. त्येच्या आदी माजा बाच आमाला येशूची गोष्ट सांगायचा." त्यावरून मी मोठा लेख लिहिला.

आज तुमच्या वतीनं कमिटीच्या सभेला गेले, तेव्हा अध्यक्ष रेव्हरंड भालेकर म्हणाले, "आजारपणातही तुझ्या वडिलांची लेखणी थकली नाही. धुळाप्पावरचा लेख तर फार सुरेख!"

मला राहवेना. मी उभी राहिले. "तो लेख माझा आहे. यंदाचे सगळे अंक मीच काढलेत."

कमिटीतले एक मास्तर म्हणाले, "बाईमाणसानं लिहिलेला इतिहास वाचणार कोण?"

"तुम्ही वर्षभर वाचलात की!"

आधी अध्यक्ष हसले, मग मास्तरही. ठराव झाला, नव्या वर्षापासून संपादक म्हणून माझं नाव छापायचं.

बाबा, घरी येताना मी जवळजवळ धावतच होते. आल्याआल्या हे लिहायला बसले, पण आता पत्र टपालात टाकवत नाही. जानेवारीचा अंक घेऊन मीच मिरजेला येते. तुम्ही पहिलं पान उघडाल, तेव्हा तुमचा चेहरा मला पाहायचाय.

तुमची लेक,
विजयमाला