बाजू छापून आल्यावरच घर

मी, मोटारींना दारे बसवण्यात उमर गेलेला निवृत्त फिटर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. बायको शेजारी बसून चुका काढीत आहे, ते दडपण धरू नये.

१. राहते घर बायकोचे. तिच्यामागे मुलीचे; मात्र कलम चारची अट आधी वाचावी.

२. बँकेतली शिल्लक बायकोला. किती आहे ते तिलाच ठाऊक.

३. हत्यारांची पेटी कारखान्यातला माझा जोडीदार लंबू याला. माझ्या धाकट्या भावाला त्यातला एक पानाही देऊ नये. नेलेली शिडी त्याने अजून परत आणलेली नाही.

४. आता इथल्या पेपरविषयी. पत्रा कापणाऱ्या यंत्राला जाळी नव्हती. त्यात लंबूची दोन बोटे गेली, म्हणून आम्ही संप केला. पेपरने छापले, ‘बोनससाठी शहर वेठीस’. मॅनेजरची मुलाखत फोटोसकट, शेजारी कारखान्याची पानभर जाहिरात आणि तळाशी एक ओळ: ‘कामगारांशी संपर्क होऊ शकला नाही.’ अहो, आमचा संपाचा मांडव त्यांच्या कचेरीच्या दारातच होता! त्यांचा बातमीदार रोज आमच्याच किटलीतला चहा पिऊन जिना चढायचा. लोक आम्हाला हावरट म्हणू लागले, संप मोडला, जाळी लागली नाही. लंबूला तर सख्खी आई म्हणाली, “पैशासाठी बोटांचं भांडवल करतोस?” याचा राग मला आजही येतो.

पुढे त्याच बातमीदाराने माझ्या मुलीला मागणी घातली. पोरगी हो म्हणाली आणि मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. जावई म्हणून माणूस लाखात एक. आजारपणात माझे अंथरूण त्यानेच बदलले. पण नाते नात्याच्या जागी. आमची बाजू त्या पेपरात छापून आल्याशिवाय घर मुलीच्या नावावर होऊ नये.

५. माझ्या निधनाची बातमी त्या पेपरला देऊ नये. ते मॅनेजरला विचारूनच मला मृत ठरवतील.

पुरवणी: हा मसुदा काल जावयाच्या हाती लागला. वाचून त्याने खिशातली वही काढली. मग म्हणाला, “बाबा, तेव्हा नेमकं काय झालं होतं?”

“आत्ता विचारताय होय, जावईबापू?” बायको म्हणाली.

“तुम्हाला काही विचारायचं नाही, असं संपादकांनी बजावलं होतं, आई.”

“आणि चहा?”

“चहाबद्दल ते काही बोलले नव्हते.”

बायकोने लंबूला बोलावून घेतले. तो सांगत होता, जावई मान खाली घालून लिहीत होता. त्या पेपरातल्या माणसाने आम्हाला पहिल्यांदाच काही विचारले. मला रडू आले, तेही इथे नोंदवतो.

बातमी रविवारी येणार म्हणतात. तोवर कलम चार कायम, आणि माझे मरणही लांबणीवर.

साक्षीदार:
शेजारच्या शिवणकामवाल्या बाई (सही)
आमचे डॉक्टर (सही, डोके ठिकाणावर असल्याचे हेच सांगतील)

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: रविवारच्या आधीचा शुक्रवार
(सही) फिटर, तूर्त हयात