एका लिटरचा आठवडा

आई, परवा गाडी घेतली. चारचाकी, आणि तीही पेट्रोल नि बॅटरी दोन्हींवर चालणारी. शोरूममधला पोरगा कितीतरी वेळ समजावत होता. मॅडम, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, हळू जाताना बॅटरी ओढते, उतारावर ती स्वतःच चार्ज होते, म्हणून ॲव्हरेज इतकं भारी. मला हसू आवरेना. त्याला वाटलं, बाईंच्या डोक्यावरून गेलं. अरे बाबा, हे सगळं माझ्या आईने तुझ्या जन्माआधी धरणगावात केलंय, पाचवारी साडी नेसून!

तुझी ती पायडलवाली मोपेड. तुझी शाळा दोन कोसांवरच्या खेड्यात होती, आणि एसटीची वेळ नि शाळेची वेळ यांचं कधी जुळलंच नाही. रोज उशीर, रोज हेडमास्तरांची बोलणी. शेवटी तू माहेरी धुळ्याला गेलीस आणि मामाची जुनी मोपेड घेऊनच परत आलीस. आबा ओट्यावर बसलेले. सून गाडीवरून उतरते आहे हे बघून त्यांचा चेहरा असा झाला की बास. नोकरी सोड असं ते सरळ म्हणाले नाहीत. म्हणाले, "एक लिटरमा आठवडा काढ. नही जमनं तं गाडी विकी टाकसूत, नि तू घर बठ." सासऱ्याची अट ती, वकील देऊन सुटणार थोडीच! तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "बरं."

तेवढ्या पेट्रोलात सहा दिवसांचं जाणं-येणं बसत नव्हतं. मग उरलेलं तू पायांनी भागवलंस. उतार आला की इंजिन बंद. रेल्वे फाटक लागलं की बंद. सपाटीला पायडल, आणि चढ आला तरच इंजिन, तेही पाय मारत मारत. मी मागे बसू का म्हटलं की म्हणायचीस, "चाल गं, पाय झिजत नाहीत." पिठाच्या गिरणीवाला तुला मुद्दाम हटकायचा, "बाई, ॲव्हरेज काय देस हाई?" आणि तू वळूनही न बघता, "मी भाकरी किती खाल्ली त्यावर आहे, भाऊ!" अख्खी गिरणी हसायची. काय तोंड होतं गं तुझं!

दर शनिवारी संध्याकाळी आबा टाकीत तुरीची काडी बुडवायचे. टोक ओलं निघालं की पुढच्या आठवड्याची नोकरी पक्की. महिनोन् महिने ओलं निघालं. मग तो आठवडा आला. शाळेची तपासणी होती, तुला दोन दिवस दोन-दोन खेपा पडल्या. शनिवारी दुपारी मी आबांसोबत जिनिंग मिलबाहेर कापसाच्या गाडीवर बसलेली. समोरून तू येते आहेस. इंजिनचा आवाज नाही. ते अवजड धूड नुसतं पायांनी रेटते आहेस, समोरून वारा, तोंड लालबुंद. वाटेत पंप लागला, तू तिकडे मान वळवली नाहीस. गाडीवान खिदळले, "बाई, धक्का मारू का?" तू म्हणालीस, "तुमच्या बैलांना मारा, सकाळपासून हलले नाहीत ते." आणि गेलीस पुढे. तुला आम्ही दिसलोच नाही. आबा तू दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

संध्याकाळी काडी टाकीत गेली. तू दारात उभी, हात पाठीमागे बांधून. तुला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. काडी वर आली, ती ठणठणीत कोरडी. आबांनी ती उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले, धोतराला पुसली आणि म्हणाले, "शे. थोडं शे." आहे म्हणे, थोडं आहे!

तू हसली नाहीस की रडली नाहीस. एवढंच विचारलंस, "आबा, कळण्याची भाकरी टाकू ना?" ते म्हणाले, "टाक." त्यानंतर त्यांनी टाकीचं झाकण कधी उघडलं नाही. तू रिटायर होईपर्यंत शिकवलंस. तुझ्या हाताखालून गेलेली पोरं अजून भेटतात, कापूस विकायला आलेली, दवाखान्यात बसलेली. बाईंची मुलगी का, म्हणतात, आणि मला उगाचच मान मिळतो. तुझा इतका अभिमान वाटतो मला, तू होतीस तेव्हा हे एकदाही म्हटलं नाही बघ.

हे पाकिटात घालून पाठवणार तरी कुठे? राहू दे इथेच. पण एक सांगते, इथे कुणाला सांगितलेलं नाही. गाडी दारात उभी आहे, हार वाळून गेला, आणि मला ती चालवता येत नाही. आजवर कधी नवऱ्याच्या मागे बसले, कधी मुलाच्या. दोघं म्हणतात, या वयात कशाला, आम्ही सोडू की. उद्या सकाळी शिकवणारा माणूस येणार आहे. आई, मला फार भीती वाटते आहे.