नाकावाटे काढलेली गाठ

७ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

महिनाभर मी गणवेशांच्या कारखान्यात दाराच्या चौकटीवर खांदे आपटत होते. बरोबरच्या मुली चिडवायच्या, बाई, दारच रुंद करून घ्या. शेवटी शिवताना हाताशेजारची कात्री दिसेना, तेव्हा तपासून घेतलं. मेंदूच्या पार तळाशी, डोळ्यांच्या नसांखाली गाठ आहे. समोरचं दिसतं, कडेचं नाही. सर्जनबाई म्हणाल्या, कवटी उघडायची नाही. नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी घालून गाठ काढू. थांबलं तर दृष्टी जाईल. मला वाटत होतं, त्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. घरी येऊन भांडी घासली.

नातेवाइकाची सही लागते. बुधवारी येशील ना? जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छापखान्यात काम फार आहे असं लिहिणार होतो. पण तुझ्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. बाबांच्या डोक्याच्या ऑपरेशनच्या कागदावर सही मीच केली होती. विशीत होतो. त्यानंतर ते एक शब्द बोलले नाहीत. आता पुन्हा माझ्याने सही होणार नाही. रागाव, पण लिहीत जा.

तुझा,
भाऊ


२१ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

नातेवाईक येणार नाही असं सांगून सही माझी मीच केली. साक्षीला शेजारच्या खाटेवरच्या शिक्षिका. ऑपरेशन चार तास चाललं. गाठ साधी निघाली, कॅन्सर नाही. रक्तवाहिनीला चिकटलेला कण तसाच ठेवलाय, त्यावर लक्ष ठेवतील. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही. पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, नर्स सगळं लिहून ठेवते. शाळेतही माझ्याकडे कुणी इतकं लक्ष दिलं नव्हतं. या गाठीनंतर अंगातलं पाण्याचं प्रमाण बिघडू शकतं, म्हणून अजून आठवडाभर इथे ठेवणार आहेत. वास येत नाही. येईल म्हणतात. आनंदाचंही तसंच.

शुक्रवारी भेटीच्या वेळी तू दाराच्या काचेआड उभा होतास. डाव्या कडेला दिसलास, राखाडी स्वेटरमध्ये. मग वळून गेलास. मी हाक मारली नाही. मारावीशी वाटली नाही, हे खरं तेच लिहिते.

तब्येतीला जप.

तुझी,
ताई


२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मीच होतो. तुझ्या नाकात बोळे, डोळ्यांखाली सूज. बाबा असेच पडून होते. तुझे ओठ हलतात का तेवढंच बघत राहिलो. तू नर्सकडे पाणी मागितलंस, वर ग्लास लहान आहे म्हणून तक्रार केलीस. दार किलकिलं होतं, ते ऐकलं आणि निघालो. जिन्यात बसलो. झाडूवाल्या मावशींनी दोनदा बाजूला सरकायला सांगितलं.

रविवारी येतो. या वेळी आत येईन. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. एक खुर्ची खाटेजवळ ओढून ठेवायला सांग.

तुझा,
भाऊ