तिकोन्याच्या फोटोतला माणूस

अप्पा,

आईला तुमचा तिकोन्यावरचा फोटो हवा आहे आणि तो माझ्याकडे नाही. म्हणजे फोटो आहे. डोंगर आहे, धुकं आहे, खाली पवनेचं पाणी आहे. तुम्ही नाही. काळेवाडीच्या दोन खोल्या सोडून आई आणि मी पुढच्या महिन्यात चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये जातोय. परवा भांडी पोत्यात भरता भरता आई म्हणाली, "त्यो तिकोन्याचा फोटू मोठा करून आन. हॉलमदी लावायचा. डोंगरावरचा त्येंचा तेवढा एकच हाय." मी बरं म्हणाले आणि उगाच एक पातेलं दुसऱ्यांदा पुसायला घेतलं. त्या फोटोतून तुम्हाला मी स्वतःच्या हाताने काढून टाकलंय, हे बारा वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही तर त्यानंतर चार महिन्यांनी गेलातच.

डोंगरावरचा तुमचा एकच फोटो का, हेही खरं तर सांगायला नको. कॅमेरा कायम तुमच्या हातात. आपल्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे बाकीच्या जगाचा रविवार तुम्ही मशीनच्या आवाजात काढायचात आणि गुरुवारी, गडावर चिटपाखरू नसताना, स्कूटर काढायचात. मे महिन्यात शाळा नसली की मागे मी. तुम्ही कंपनीत क्वालिटीत, माल तपासायला होतात. रिजेक्ट झालेल्या नगाचा फोटो काढताना शेजारी स्टीलची पट्टी ठेवायची, नाहीतर भेग केसाएवढी की बोटाएवढी हे कागदावर कुणाला कळणार, हे मी चौथीत असताना तुम्ही मला भाकरी मोडता मोडता समजावलं होतं. तोच नियम तुम्ही सह्याद्रीला लावलात. माणसाशिवाय डोंगराचा फोटो काढला तर तो डोंगर आहे की वारूळ, काय सांगावं? म्हणून प्रत्येक फोटोत माणूस पाहिजे, आणि गुरुवारी हाताशी माणूस एकच असायचा. मी तुमची पट्टी.

"अजून लांब जा," तुम्ही ओरडायचात. "अजून. आभाळावर उभी ऱ्हा, गवतावर नको, गवतात मानूस हरवतो. हात अंगाला चिकटवू नको, मधी फट दिसू दे. न्हाईतर दगड वाटतीस." मी लोहगडाच्या कड्यावर, विसापूरच्या तटावर, उन्हात, तहानलेली, हात अंगापासून वीतभर लांब धरून उभी. एकदा वैतागून मध्येच पळत आले, तर केवढे भडकलात! एक फोटो वाया गेला म्हणून नव्हे, सांगितलेलं काम अर्धं टाकलं म्हणून. मी रडत म्हणाले होते, माझं तोंड एकाही फोटोत नाही. तुम्ही शांतपणे रोल फिरवत म्हणालात, "तोंड बगायला घरात आरसा हाय की." आज ते वाक्य आठवून मला हसू येतं. तेव्हा मी परतीच्या वाटेवर मळवलीपर्यंत तुमच्याशी बोलले नव्हते, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नव्हतं, याचा राग वेगळा.

पुढे मी चाकणला, शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागले, तीही क्वालिटीतच. खाण तशी माती. पहिल्या वर्षीच स्वतःचा डिजिटल कॅमेरा घेतला. मारुंजीत भाड्याने राहणाऱ्या आयटीतल्या मुलामुलींचा एक ग्रुप शनिवार-रविवार डोंगरात जायचा, त्यांच्यात मिसळले. त्यांना रिकामा डोंगर आवडायचा. फोटोत माणूस आला की म्हणायचे, फ्रेम खराब झाली. मला ते ऐकून फार बरं वाटायचं. इतकी वर्षं उन्हात उभी राहिल्याचा सूड उगवल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू? मीही रिकामे डोंगर काढायला लागले. ते तुम्हाला दाखवले की तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून बघायचात आणि विचारायचात, "हे केवढं हाय?" मी म्हणायचे, "अप्पा, हे माप घ्यायला नाही काढलेलं."

तरीही त्या गुरुवारी आपण दोघं तिकोन्याला गेलो. मी रजा टाकली होती. तुम्हाला दम लागत होता, आणि दर दहा पावलांवर थांबून तुम्ही मला झाडांची नावं सांगत होतात, म्हणजे थांबण्याला कारण मिळावं. वर पोचलो तेव्हा धुकं फाटत होतं. मी कॅमेऱ्याची तिवई लावते आहे, लेन्स पुसते आहे, आणि मान वर करून बघते तर तुम्ही नाही. शोधते, तर पार पुढे, डोंगराच्या सोंडेच्या टोकाला. मी बोलावलेलं नाही, सांगितलेलं नाही. आभाळावर उभे, माझ्याकडे पाठ करून, हात अंगापासून वीतभर लांब. मधली फट इथवर दिसते आहे. मी ओरडले, "अप्पा, बाजूला व्हा!" वारा होता. तुम्हाला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. तुम्ही हलला नाहीत. मी फोटो काढला.

नंतर चिंचवडला आमच्या ग्रुपचं छोटंसं प्रदर्शन ठरलं. त्याच्या आधी मी कॉम्प्युटरवर तुम्हाला पुसलं. शेजारचं आभाळ उचलायचं, तुमच्यावर ठेवायचं, कडा मिसळून टाकायच्या. पाच मिनिटांचं काम. मग त्याच फाईलवर सेव्ह केलं. कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या ट्रेकसाठी आधीच रिकामं केलेलं. पहिला नग जपून ठेवल्याशिवाय पुढच्या कामाला हात लावायचा नाही, हे दिवसभर कंपनीत इतरांना सांगणारी मी! प्रदर्शनाला तुम्ही गुरुवारी आलात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिलात. आधी समोरून, मग बाजूला जाऊन तिरक्या उजेडात, घासलेला पृष्ठभाग तपासतात तसे. तुम्ही म्हणालात, "झ्याक हाय. डोंगर जरा ल्हान वाटतोय, पन झ्याक हाय." आणि चहा कुठे मिळतो ते विचारलंत. मी सुटले, असं तेव्हा वाटलं.

आता आईने फोटो मागितल्यावर मी काय केलं असेल? तुम्हाला परत आत घालायला बसले. माझ्या आतेबहिणीच्या लग्नातला तुमचा पाठमोरा फोटो सापडला, पंगतीत वाढताना वळलात तेव्हाचा. तो कापून घेतला, बारीक केला, सोंडेच्या टोकावर ठेवला. आणि तिथे अडकले. तुम्हाला केवढं करायचं तेच कळेना. जरा मोठे केले की डोंगराची टेकडी व्हायची, लहान केले की तुम्ही कावळ्याएवढे. ताडून बघायला त्या फोटोत दुसरं काहीच नव्हतं, नुसता दगड आणि धुकं. माप होतात ते तुम्ही एकटेच. दोन रविवार मी त्यावर घालवले, अप्पा. शेवटी हात टेकले आणि होता तसा, रिकामाच, मोठा छापून आणला. मनात धरून चालले होते की आईला आता तसंही बारीक दिसत नाही. हा विचार माझ्या डोक्यात आला, तो मी काही वेळ डोक्यात ठेवून घेतला, हेही सांगून टाकते.

आईने तो खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला, आणि म्हणाली, "ह्यो न्हवं. पुसायच्या आदीचा दे."

मी पोत्याचं तोंड आवळून बांधायला लागले. मग तीच म्हणाली, "आगं, त्येंनी त्याच दिशी सांगितलं हुतं. जेवताना. म्हनले, पोरीनं मला पुसलाय. पन काम काय साफ केलंय म्हनले, तिरकं धरून बगितलं, कुठं डाग न्हाई, वरखडा न्हाई. मी असतो तर पास केलं असतं."

"आणि रागावले नाहीत?"

"राग कसला? पाठ थोपटून घ्यायचे सोताची. माझी पोरगी म्हनून." मग ती म्हणाली, "त्या रातीला भाकरी तेवढी अर्धी ठिवली."

आधीचा नाही, मीच घालवला, हे मी तिला सांगितलं. तिने फोटो उलटा करून भिंतीला टेकवून ठेवला आणि पुन्हा भांड्यांकडे गेली. रात्रभर मला ती अर्धी भाकरी दिसत होती. मला हे सगळं तुमच्याशी बोलायचं आहे, तुम्ही नाही आहात, आणि मला तुमची फार आठवण येते.

इतकं लिहिलं, पण एक गोष्ट अजून टाळलीच. फ्रेम स्वच्छ हवी म्हणून पुसलं, असं मी आईला सांगितलं. इथवर वाचून तुम्हीही तसंच समजला असतात. खरं तसं नाही. प्रदर्शनाचे फोटो निवडायला आम्ही मारुंजीला एका मुलीच्या खोलीवर जमलो होतो. तुमचा फोटो स्क्रीनवर आला. तिने तो मोठा करत नेला, तुम्ही डोंगरात जाताना घालायचात तो कंपनीचा निळा, विटलेला शर्ट ओळखू येईपर्यंत, आणि विचारलं, "हा कोण आलाय मध्येच?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "काय माहीत. असेल कुणीतरी कामगार." ते पुन्हा कुणी विचारू नये म्हणून त्याच दिवशी घरी येऊन मी तुम्हाला पुसलं. आईला हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही याची खात्री आहे म्हणून.