मुक्ताकडे जाण्याचा कौल

सांता क्लारा, शनिवार, संध्याकाळ

मुलीचे, मुक्ताचे, दिवस भरत आलेत. स्कॉटलंडमधलं समुद्रकाठचं ते छोटं गाव आम्ही अजून पाहिलेलंही नाही. जावई महिनोन्‌महिने बोटीवर. "बाबा, याल ना दोघं?" तिनं आज पुन्हा विचारलं.

माझ्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपलाय. कामाचा परवाना आहे तोवर इथं राहता येतं, पण बाहेर पडलो की नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता येत नाही. नाहीच मिळाला तर? नोकरी, घर, इथली वीस वर्षं...

शेवटी गावचा गुरव लावायचा तसा देवाला कौल लावला. दोन पाकळ्या ओल्या करून मूर्तीला चिकटवल्या. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. उजवी मी अंगठ्यानं दाबून बसवली. का दाबली?

सुनंदा मागेच उभी होती. "अहो, देवाला विचारताय की पढवताय?"

डावी पडली. पडणारच होती. उजवी अजून तशीच चिकटलेली आहे, तिकडे बघवत नाही.

आत सुनंदा बॅग भरतेय. तिचाही व्हिसा संपलेला आहे. तुम्ही येताय का, एवढंही तिनं मला विचारलं नाही.