क्लचच्या पेडलाबाबत माझी शेवटची इच्छा

दिनांक २ ऑक्टोबर २०२५, दसरा. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मी हळदकुंकवाची वाटी घेऊन माझ्या पिकअपचं दार उघडलं, आणि आत क्लच नव्हता. तेव्हापासून संताप कायम आहे, पण डोकं शाबूत आहे. त्या शाबूत डोक्याने, कोणाच्याही दबावाखाली न येता, मी, श्रीमती मंदाकिनी आनंद टिल्लू, वय ७१, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, राहणार नौपाडा, ठाणे, हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचं काही सापडल्यास ते रद्द समजावं.

१. नौपाड्याची सदनिका आणि बँकेतल्या ठेवी माझा एकुलता मुलगा केदार याला मिळाव्यात. याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

२. नणंद सुमतीवन्सं यांना पिकअपचा जुना हॉर्न द्यावा. मी गाडी शिकले तेव्हा "बायकांनी टेंपो चालवायचा?" असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. पुढे मानपाड्याच्या आमच्या रोपवाटिकेतून त्यांच्या कुंड्या घरपोच मीच नेल्या. त्याच टेंपोतून.

३. पिकअप माझ्या यजमानांनी रोपवाटिकेसाठी घेतली. ते गेल्यावर ती मी चालवली, आणि दसऱ्याला तिन्ही पेडलांना कुंकू लावायची त्यांची पद्धतही. यंदा माझा डावा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणाले, क्लच विसरा. मी विसरले नाही. रोज पलंगावर बसून रबरी चेंडू क्लच समजून डाव्या पायाने दाबत राहिले. तेवढ्यात चिरंजीवांनी गाडी परस्पर तानाजी मेकॅनिककडे नेऊन ऑटोमॅटिक करून आणली.

"आई, सरप्राइज! आता डाव्या पायाला आराम."

"डाव्या पायाने रजेचा अर्ज केला होता का?"

"अगं, नाहीतर तुला गाडी सोडावीच लागली असती."

"ते मी ठरवलं असतं. तू विचारलंस?"

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शेजारणीच्या पेन्सिलीला हात लावायलाही विचारावं लागे.

४. खरं ते लिहिते. सून उर्वी हिला शेजारी बसवून मी ती चालवून पाहिली. ठाकुर्लीच्या वळणावर डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला आणि ब्रेकवर पडला. उर्वीच्या मांडीवरचं श्रीखंड थेट काचेवर.

"आई, तो पाय बाजूला ठेवा, त्याला आता काम नाही!"

हे त्याला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. मग पुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघाले, तर गाडी बोटभरही मागे सरकली नाही. तेव्हा मी हसले, असं उर्वी सांगेल. डोळ्यांवर ऊन होतं.

५. मी आहे तोवर पिकअप मीच चालवणार, आहे तशी. माझ्यानंतर ती उर्वीला मिळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. केदारने गाडीत बसण्यापूर्वी तिला विचारावं.

६. राहिलं ते पेडल. त्याचं रबर एका बाजूने झिजलंय, आधी यजमानांच्या पायाने, मग माझ्या. तानाजी म्हणतो, "काकू, दादांना विचारा." दादा म्हणतात, "बघतो गं." तरी केदारने ते पेडल कुठे आहे आणि मला आधी का विचारलं नाही, हे ३० नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी सहाच्या आत, स्वतःच्या अक्षरात, कागदावर कळवावं. व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालणार नाही. पेडल सोबत आणल्यास उत्तम. त्याचं कुंकू दसऱ्यापासून राहिलं आहे.

ठाणे, ९ नोव्हेंबर २०२५
(सही) मंदाकिनी आनंद टिल्लू

आमच्या देखत सही झाली:
१. शकू मोकाशी, शेजारीण
२. कल्पिता भोईर, फिजिओथेरपिस्ट (चेंडू हिचाच)