एकदाच विचारतात

कोपरी, ठाणे (पूर्व)
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय कादू,

तुला आणि डॅनियलरावांना अनेक आशीर्वाद. पोटातल्या पाहुण्यांना वेगळा आशीर्वाद, आठव्या महिन्यात त्यांना सगळं ऐकू येतं म्हणे, तेव्हा हे पत्र मोठ्याने वाच.

मी मजेत आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो, मी माझ्या मर्जीने. समोरच्या संचिताचा नवरा दिपेश मंगळवारी संध्याकाळी कंपनीच्या कामासाठी कॅलगरीला निघतोय. त्याने आपणहून विचारलं, “काकू, कादंबरीला काही द्यायचंय का?” मी म्हटलं, “नको रे, तुला कशाला ओझं.” तेवढ्यात आतून संचिता ओरडली, “काकू, नाटकं नकोत, गुपचूप पिशवी आणून द्या!” म्हणून पिशवी भरायला घेतली आहे. चकली, तिखट शेव, पातळ पोह्यांचा चिवडा आणि मेतकूट. करंज्या विमानात फुटतात म्हणून नाहीत. आणि स्टीलच्या उभ्या डब्यात डिंकाचे लाडू आहेत, ते दिवाळीत संपवायचे नाहीत. बाळंतपणानंतर रोज सकाळी एक आणि वर गरम दूध. डिंक तुपात फुलवून हातानेच चुरलाय, मिक्सरला लावलेला नाही.

आता खरी बातमी. मी इंग्रजी शिकतेय! हसू नकोस. मला येत नव्हतं का? येत होतं की. टेलिफोन खात्यात आयुष्यभर मी इंग्रजी पत्रंच लिहिली. पण तुमच्या लग्नाला तिकडे आले तेव्हा डॅनियलरावांनी मला विमानतळावर “हाऊज इट गोइंग?” विचारलं आणि मी “बाय टॅक्सी” म्हणाले, ते तू अजून लोकांना सांगतेस ना? म्हणून.

आमच्या कोळीवाड्यातली दिपिका आठवते का, गुणाजी नाखव्याची? सहा-सात वर्षं मोठ्या प्रवासी जहाजावर रिसेप्शनला होती. आता परत आलीय आणि घराच्या वरच्या मजल्यावर वर्ग घेते. पुस्तकातलं नाही, रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “काकू, तुमचं इंग्रजी चांगलंय, पण तुम्ही शालू नेसून भाजी आणायला निघाल्यासारखं बोलता.” असा राग आला मला! पण घरी आल्यावर पटलं. कोणी कसं आहे विचारलं तर “आय अ‍ॅम फाइन, थँक यू, अँड यू?” एवढं सगळं म्हणायचं नसतं. “नॉट टू बॅड” म्हणायचं आणि पुढे चालायचं. सोपं काम म्हणजे “पीस ऑफ केक”. धीर धर म्हणायचं तर “हँग इन देअर”. निघताना “कॅच यू लेटर”. परवा टेंभी नाक्याला रिक्षातून उतरताना मी रिक्षावाल्याला “कॅच यू लेटर” म्हटलं, तर तो म्हणतो, “काय झालं मावशी, सुट्टे बरोबर दिले ना मी?”

वर्गात सगळेच एकापेक्षा एक. बाळकुमचे अण्णा सबनीस आहेत, त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. प्रत्येक शब्दाला “याला आधार काय?” म्हणून दिपिकाला छळतात. आणि दिपिकाची आत्या चंद्रभागा, बाजारात मासे विकते. तिला म्हटलं, तू कशाला शिकतेस, तर म्हणाली, “घोडबंदरच्या टावरमंदल्या बाया इंग्रजीन भाव करतान, मंग मी का मराठीन ऐकू?” तिचं “टेक इट ऑर लीव्ह इट” ऐकायला ये एकदा. आपण मुकाट्याने घेऊनच टाकतो.

इतकी मजा मला कितीतरी दिवसांत आली नव्हती गं. सकाळी दात घासतानाही तोंडात इंग्रजी. सोसायटीच्या वॉचमनला देवरामला “हँग इन देअर” म्हटलं तर तो बिचारा गेट धरून उभा राहिला.

हे सगळं टाइमपास म्हणूनच. तुझं फोनवर बोलणं झालं की डॅनियलरावांशी दोन वाक्यं बोलता यावीत, एवढंच. मे महिन्यात त्यांनी मला विचारलं होतं, बाळ होईल तेव्हा आमच्याकडे येऊन राहाल का म्हणून. मी नको नको म्हटलं, ते “नो वरीज” म्हणाले, विषय संपला. बरंच झालं. इथेही माझी कामं असतातच.

त्यांच्या आई, सुझनबाई, येणार आहेत आणि या आठवड्यात तिकीट काढतील म्हणालीस. छान. त्यांना सांग, बाळाचं डोकं कानटोपीने झाकून ठेवायचं. तुला बाळंतपणात गार काही द्यायचं नाही. आणि तुला कमरेला शेक लागेल, तो कसा द्यायचा ते... जाऊ दे, त्यांच्याकडे त्यांची पद्धत असेल.

पासपोर्टची मुदत संपत आली होती, तो जूनमध्ये नवा करून घेतला. उगाच, घरात असावा म्हणून. जुन्यावरचा कॅनडाचा व्हिसा चालतो म्हणे, दोन्ही बरोबर ठेवायचे असतात. तिकडच्या थंडीसाठी घेतलेल्या लाल कोटालाही ऊन दाखवलं, कसर लागते म्हणून.

बाकी ठीक. उद्या कोजागिरी, वर्गात दिपिका मसाला दूध देणार आहे. पिशवी बांधली की पत्र वर ठेवते.


मंगळवार, ७ ऑक्टोबर, सकाळी

कादू, पिशवी बांधली होती, ती पुन्हा सोडली आहे. काल काय झालं ते ऐक आधी.

वर्गात गेलो तर चंद्रभागा मोठं पातेलं घेऊन बसलेली. केशर, जायफळ, चारोळी, वास असा की अण्णांनी सुद्धा आधार विचारला नाही. दिपिका म्हणाली, आज पाहुण्यांचा धडा. समजा हे माझं कॅनडातलं घर आहे. (मी काहीच बोलले नाही हं, तिनेच कॅनडा म्हटलं.) तुम्ही पाहुणे. मग ग्लास भरून ट्रे घेऊन आली, अगदी गोड हसली आणि अण्णांना म्हणाली, “वुड यू लाइक सम मिल्क?”

अण्णा म्हणाले, “नो, नो, थँक यू.” मी म्हणाले, “नो, नो, आय अ‍ॅम गुड.” नवा शिकलेला शब्दप्रयोग, मी तर खुशीत होते. चंद्रभागाने ज्या हातांनी दूध आटवलं त्याच हातांनी, मानेने नको म्हणत, ट्रे मागे ढकलला. दिपिका म्हणाली, “नो वरीज!” आणि ट्रे घेऊन आत गेली.

आम्ही बसलो. मला वाटलं, आता येईल आणि “घ्या हो, थोडं तरी घ्या” म्हणेल. ती आली ती रिकाम्या हाताने. खुर्चीत बसून स्वतःचा ग्लास तोंडाला लावला आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. अण्णांनी घसा खाकरला. मी दाराकडे बघत राहिले. शेवटी चंद्रभागालाच राहवेना, “ए पोरी, दूध कवा देतेस?”

“तूच नको बोललीस ना, आत्या.”

“अगो, पैल्यांदा नकोच बोलतान! तू परत इचारायचा!”

“तिथे कोणी परत विचारत नाही,” दिपिका म्हणाली. “मी जहाजावर पहिले सहा महिने अर्धपोटी राहिलेले, माहितीय? कोणी केक दिला की मी नको बोलायची आणि ते लोक ओके बोलून न्यायचे. मला वाटायचं, किती मनाचे कोते आहेत. ते कोते नव्हते, काकू. परत विचारलं तर समोरच्याला कानकोंडं वाटेल म्हणून ते विचारत नव्हते. नको म्हटलेल्या माणसाचा ते मान ठेवतात.”

सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता मधेच थांबले.

कारण मे महिन्यात मी नको म्हटलं ते आपलं पहिलं नको होतं गं. जावयाने विचारलं की सासूने लगेच हो म्हणायचं का? बाबांची ती गोष्ट आठवते ना तुला, माझ्या माहेरी पहिल्या दिवाळसणाला प्रत्येक पुरणपोळीला नको म्हणाले, आणि वाढायला नेमकी माझी नवखी वहिनी, तिने ऐकलं आणि पुढे गेली. जावई उपाशी उठला आणि ठाणे स्टेशनबाहेर मिसळ खाऊन घरी गेला! आयुष्यभर हसलो आम्ही त्यावर. आणि मी तेच केलं. फोन झाल्यावर मी पुन्हा विचारतील म्हणून वाट बघत बसले. तो दिवस, दुसरा दिवस, सगळा मे. जूनमध्ये पासपोर्ट केला, तो घरात असावा म्हणून नाही. तुम्ही विचाराल आणि माझी तयारी नसेल, असं नको व्हायला म्हणून केला.

तुम्ही विचारलं नाहीत. मला वाईट वाटलं, कादू. फार वाईट वाटलं. “नो वरीज” म्हणाले म्हणजे बला टळली असं त्यांना वाटलं, असंच मी धरून चालले. आणि मग फोनवर तुझ्याशी तुटक बोलायला लागले. मी जुलैत कशावरून तरी टोमणा मारला, तेव्हा तू म्हणालीस, “आई, तू नाही म्हणालीस. मी काय करू?” मला तो उद्धटपणा वाटला. काल दिपिकाच्या खोलीत त्या दुधाकडे बघताना कळलं की तू उद्धट नव्हतीस, तू दुखावली होतीस. पहिलं बाळंतपण, आणि आई म्हणते मला यायचं नाही.

मला यायचं होतं. पहिल्या मिनिटापासून.

नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत एवढी उभी राहिले आणि समोर गेल्यावर काय मागितलं, तर “सगळ्यांना सुखी ठेव.” मनात एकच मागणं होतं आणि देवीलाही सरळ सांगितलं नाही. तीही म्हणाली असेल, “बरं, नो वरीज.”

काल दिपिकाने नंतर सांगितलं की नको म्हणून झालं आणि हवं असेल तर लाजायचं नाही, म्हणायचं, “अ‍ॅक्चुअली, आय वुड लव्ह सम.” सगळ्यांत आधी मी उभी राहून म्हटलं. एवढ्या मोठ्याने म्हटलं की खालून कोणीतरी वर बघायला आलं. दिपिकाने ग्लास हातात दिला. दूध गार झालं होतं, साय धरली होती, पण मी पूर्ण प्यायले. अण्णा नंतर दोन ग्लास प्यायले, आधार न विचारता.

तर आता नीट ऐक. हे मी फोनवर सांगत नाही, कारण फोनवर तू “खरंच येतेस?” विचारलंस की माझ्या तोंडून आधी “अगं नको, तुम्हाला त्रास” हेच निघेल. कागदावर लिहिलेलं मागे घेता येत नाही. खालचं वाक्य डॅनियलरावांना माझ्या नावाने वाचून दाखव, मी काल घरी येऊन वीस वेळा म्हणून पाहिलंय:

“डॅनियल, अ‍ॅक्चुअली, आय वुड लव्ह टू कम. इज द ऑफर स्टिल ओपन?”

सुझनबाईंना येऊ नका म्हणू नकोस हं. त्यांच्या मुलाचं बाळ आहे, त्यांचाही तेवढाच हक्क. एकच खोली असेल तर दोन आज्या एका खोलीत राहू. मी घोरते, हे त्यांना आधीच सांग. त्यांच्याशी काय बोलायचं ते माझं पाठ आहे, आणि जिथे अडेल तिथे “नो वरीज” म्हणेन. आता त्याचा अर्थ कळलाय. आणि खरंच जागा नसेल, अडचण असेल, तर तसं सरळ लिही. मी तुझ्या नाहीला नाहीच समजेन, रुसणार नाही. पण हो असेल तर एकदाच हो म्हण, मला दुसऱ्यांदा विचारायला लावू नकोस.

दिपेश आत्ता पिशवी न्यायला येईल. चकली, शेव, चिवडा, मेतकूट सगळं आहे, मोजून घे. डिंकाचे लाडू मात्र शोधत बसू नकोस. तो डबा मी पिशवीतून काढून लाल कोटाशेजारी बॅगेत ठेवलाय. लाडू मी घेऊन येते.

हो म्हणालेली,
तुझी आई